पत्र्याचा ताप

दादा, कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून गुरुजी मागं सरकले न सरकले तोच आला, चोच मारली आन् उडून गेला. घाटावर जमलेली माणसं हरखली. "समाधानी जीव," म्हणाली. "काय मागं राहिलं न्हाय हणमंत पेंटरचं." लोणी भापकरच्या आत्यानं तर हात जोडून डोळं मिटलं. आन् मी तिथं पाण्याच्या कडंला उभी राहून संतापले होते. काय मागं राहिलं न्हाय? आपलं भांडण अर्धवट टाकून गेलास, त्याचं काय? एवढी कसली घाई होती रं तुला? लोकांची पिंडं दुपारपातुर तशीच पडून राहत्यात. घरची माणसं हात जोडून सांगत बसत्यात, पोरांचं बघतो, म्हातारीचं बघतो, जा आता सुखानं. मी पण मनात एक वाक्य जुळवून आणलं होतं. ते म्हणायची पाळीच आली न्हाय.

भांडण खोकल्याचं. तुझ्या न्हाय, माझ्या. शिमग्यापासनं मला कोरडा खोकला लागलाय. तुला दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी सुद्धा तू आपल्या गाड्या रंगवायच्या शेडच्या दारात खुर्ची टाकून, धापा टाकत मला म्हणालास, "वरचा हाय गं सुमे. आत गेलेला न्हाय. जाईल आपोआप." मी फाडकन बोलले, "तुझा पण वरचाच होता का?" तू चिंचेकडं बघत बसलास. तवापासनं वहिनी माझ्या मागं लागलीय, बारामतीला जा, छातीचा फोटो काढून ये. मी रोज म्हणते, उद्या जाते. तिला काय सांगू? फोटो काढला की तू खरा का मी खरी ते ठरणार. आन् खोटं कशाला बोलू, मला भ्या वाटतंय.

काटेवाडीचं सासर सोडून मी आले तो दिवस तुला आठवतोय का? हातात एक पिशवी होती, डोळं सुजलेलं. अख्खा गाव विचारणार होता, का आलीस, कुणाचं चुकलं, परत कधी जाणार. तू एक शब्द विचारला न्हाईस. शेडमधी एक पांढरी गाडी उभी होती, टपावर करकोच्यानं घाण केलेली. तू बादलीत फडकं बुडवलंस, पिळलंस न्हाय, तसंच निथळत माझ्या हातात दिलंस. "डागावर ठेव. हात लावू नको. मऊ पडूस्तवर थांब, मग उचलायचं. पुसायचं न्हाय." मी थांबले. त्या ओल्या फडक्यावर नजर लावून उभी राहिले तेवढ्यात माझं रडू जिरलं. फडकं उचललं तर घाण सगळी त्याच्यासंगं आली. तू म्हणालास, "हात चांगलाय तुझा. उद्या येशील का?" माझ्या जन्मात मला कुणी असं काम दिलं न्हवतं. तुझे उपकार मानायचे राहून गेले, ते आज मानते. त्या फडक्यानं मला उभं केलं, दादा.

आपली शेड इंदापुरात, रस्त्याकडंच्या जुन्या चिंचांखाली. संक्रांत सरली की करकोचं येत्यात. पुण्याहून हे एवढाले कॅमेरे घेऊन येणारी माणसं त्यांना चित्रबलाक म्हणत्यात आन् माना वर करून दिवसभर "वा वा" करत्यात. वर घरटी, घरट्यात पिल्लं, पिल्लांच्या चोचीत उजनी धरणाच्या फुगवट्यातलं मासं, आन् खाली आपण. मासं खाणाऱ्या पाखराची घाण म्हंजे अ‍ॅसिड. उन्हानं गाडीचा रंग फुगतो, मऊ पडतो. सांजच्याला गार झाला की आवळतो, आन् आवळताना घाणीला पोटात घेतो. हे तूच समजावून सांगायचास, प्रत्येक गिऱ्हाइकाला, न कंटाळता. मला तेवढा दम कुठला? इंदापुरात उन्हाळ्यात सावली दिसली की माणूस गाडी घालतोच, वर काय बसलंय ते बघत न्हाय. आन् परत आल्यावर पैली गोष्ट काय करतो, तर खांद्यावरचा टावेल काढतो आन् कोरडाच घासतो.

यंदा वालचंदनगरचे तात्या आले होते त्यांची नवी काळी गाडी घेऊन, आठवतंय? बॉनेटवर तळहाताएवढा डाग, आन् भोवतीनं सगळे ओरखडे.

"तात्या, पुसलं कशानं?" मी विचारलं.

"टावेलानं की. सुती हाय, धुतलेला हाय."

"आन् घाण ओली होती का वाळलेली?"

"वाळलेली. खरवडून काढली नखानं."

"मग आता त्योच टावेल तोंडाला लावा आन् रडा."

तू मला डोळ्यानं दटावलंस आन् त्यांना म्हणालास, "तिचं मनावर घेऊ नका तात्या. तिची जीभ रंग घासायचा वॉटर पेपर हाय, पण काम चकाचक करती." मंग तू बॉनेटवर वाकलास, डावा डोळा मिटलास आन् डागावरनं नख अलगद वढलंस. ती तुझी तपासणी. नख घसरलं तर डाग वरचा, पॉलिशनं जातो. नख अडकलं तर आत गेला, मंग घासून सगळं बॉनेट नव्यानं रंगवायचं. बारामतीपासनं माणसं तुझ्या नखावर भरवसा ठेवून यायची. तू म्हणालास, "वरचा हाय तात्या. दोन हात पॉलिश मारलं की गेला." मी पण नख लावणार होते. तू माझा हात बाजूला केलास. पैल्यांदाच केलास तसं. मला लई राग आला होता.

आता पत्र्याचं बोलू का? बोलतेच. तुझा आजार कळल्यापासनं आपण तिघांनी त्याचं नाव काढायचं टाळलंय.

गाडीला कोरडा हात लावला तर अंगावर धावून येणारा तू, दरसाली पावसाच्या आधी शेडच्या पत्र्यावर चढून कोरडा झाडू मारायचास. सगळा पत्रा पांढरा झालेला असायचा, चुना मारल्यासारखा. पाऊस पडला तर खत वाहून जाईल, आन् पाणी मारलं तर पोतं जड होतं, उचलत न्हाय. म्हणून कोरडंच. तू वरनं लोटायचास, मी खाली पोत्याचं तोंड धरून उभी. पांढरी धूळ अशी उठायची की चिंच दिसायची न्हाय. तुझ्या तोंडाला टावेल, माझ्या तोंडाला पदर. खाली उतरायचास तवा तुझ्या भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. वहिनी हसायची, "एका दिवसात म्हातारं झालं बघा माझं माणूस." मला पण हसू यायचं. आता ते ध्यान डोळ्यापुढं आलं की अंगावर काटा येतो.

ती पोती वांग्याच्या रानात जायची. आपल्या वांग्यांना बाजारात कुणी नाव ठेवलं न्हाय. बायका येऊन विचारायच्या, वहिनी, काय टाकता वो? वहिनी सांगायची, पाखरांचा आशीर्वाद. भरल्या वांग्याची भाजी मी पण ताटात दोनदा वाढून घ्यायचे.

आन् त्याच सांजेला ताप. तुला पण, मला पण. हुडहुडी भरायची, छाती आवळून यायची, अंगावर चार वाकळा टाकल्या तरी दात वाजायचं. सकाळी उठावं तर ताप पसार. वहिनी चुलीवर गवती चहा आन् आलं उकळत ठेवून वाटच बघत असायची. "पत्रा झाडला का? मंग येणारच की." आपण त्याला नावच देऊन टाकलं होतं, पत्र्याचा ताप. दिवाळीला दिवाळी येती, तसा पत्र्याला ताप येतो. एकदा तर तू वाकळंत कुडकुडत म्हणालास, "ह्या साली खत जास्त निघालं वाटतं, ताप बी जोरात हाय." आपण तिघं पोट धरून हसलो. दारात येऊन दुखणं दरसाली आपल्याला सांगत होतं, आन् आपण त्याला चहा पाजून लावून देत होतो.

मंग तुझा खोकला आला आन् ऱ्हायला. आधी जिना चढताना. मंग पॉलिशचं मशीन धरताना. मंग नुसतं बोलताना. मी म्हणायचे, डॉक्टरला दाखव. तू म्हणायचास, रंगाचा वास हाय, वरचाच हाय, जाईल. मी चिडायचे. "गाडीचा डाग बघायला माणसं लांबनं तुझ्याकडं येत्यात, आन् तू स्वतःला दाखवायला बारामतीला जाईनास!" तू हसायचास, हसता हसता खोकायचास, आन् खोकला थांबेस्तवर माझा राग विरायचा. भांडणात जिंकायची ही तुझी रीतच वाईट होती.

शेवटी वहिनीनं जेवण बंद करायची धमकी दिली तवा बारामतीला गेलो. डॉक्टरीण बाई तरुण, शांत. फोटो बघितला, तुझ्या पाठीला नळी लावली, लई वेळ ऐकलं. मंग विचारलं, "घरात कबुतरं आहेत का? पक्षी पाळता का?"

तू प्रामाणिकपणे म्हणालास, "न्हाय बाई. कोंबडी सुद्धा न्हाय."

वहिनीला हसू आलं. "पाळायला कशाला पायजेत? आमच्या डोक्यावरच राहत्यात."

बाईंचं लिहिणं थांबलं. "डोक्यावर म्हणजे?"

मंग मी सांगितलं. चिंच, करकोचं, पत्रा, झाडू, पोती. बाईंनी विचारलं, "कोरडं झाडता? तोंडाला काय बांधता?" तू खांद्यावरचा टावेल दाखवलास. बाई म्हणाल्या, "झाडल्यावर त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो का? आणि सकाळी उतरतो?"

दादा, तापाचं आपण त्यांना काहीच सांगितलं न्हवतं. आपण तिघं एकमेकांकडं बघायला लागलो. आपल्या घरातलं हसण्यावारी नेलेलं गुपित, ते त्या परक्या बाईला कसं ठाऊक?

मंग त्यांनी तुला दोन्ही हातांच्या पैल्या बोटांची नखं पाठीला पाठ लावून धरायला सांगितली, खिडकीकडं. "मधून उजेड दिसतो का?" तू डावा डोळा मिटून बघितलंस, बॉनेट बघायचास तसंच. दिसला न्हाय. चांगल्या नखांत फट ऱ्हाती, म्हणाल्या; तुझी छातीच्या आजारानं फुगून गोल झाली होती, बोटाची टोकं जाड झाली होती. रोज तुझ्या हातात हात घालून काम करणारी मी, मला ते कधी दिसलं न्हाय. बाहेर आल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. फुप्फुसं आतून कडक झालीत, म्हणाल्या. पाखरांच्या धुळीनं असेल, त्यात रंगाच्या फवाऱ्याचाही हात असेल, पण झालेलं आता मागं फिरत नाही, पुढं जाऊ द्यायचं नाही एवढंच. आन् जाता जाता म्हणाल्या, "पोत्याचं तोंड तुम्ही धरायचात ना? तुम्हीही येऊन फोटो काढून घ्या."

हे तुला मी सांगितलं न्हवतं. पण तुला कळलं होतं. त्या दिसापासनं तू मला पोत्याला हात लावू दिला न्हाईस, पत्र्याकडं बघू दिलं न्हाईस, आन् मी खोकले की तू घाईघाईनं म्हणायचास, "वरचा हाय." मला वाटायचं तू मला खोटं पाडतोयस. आता वाटतंय, तू देवाला विनवत होतास.

शेड हलवू या म्हणाले तर तू ऐकलं न्हाईस. "पाखरं घाण करत्यात म्हणून आपली चूल पेटती सुमे. त्यांच्यावर काय रुसायचं?" घरट्यातनं पडलेलं पिल्लू तू रंगाच्या रिकाम्या डब्यात चिंध्या घालून ठेवायचास आन् जंगल खात्याचा माणूस येईस्तवर कामाला हात लावायचा न्हाईस. वहिनीनं यंदा चिंच तोडायची भाषा केली तवा तुला बोलायला दम पुरत न्हवता, तरी तू हातानंच न्हाय न्हाय केलंस. मी त्या पाखरांवर चिडू का नको, हे मला अजून कळंना. तू नसताना पण ती रोज सकाळी तशीच चोची वाजवत्यात, काय झालंच न्हाय असं.

दवाखान्यातली शेवटची भेट मात्र माझ्या मनात अडकलीय. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. शेडवर आणून दिलेला साधा मास्क तू जन्मात लावला न्हाईस, आन् तिथं हा काढता येईना. तू माझा हात ओढून घेतलास. मनगटापासनं बोटांकडं, हाताच्या पाठीवरनं नख वढलंस. अलगद. मंग परत एकदा. मी म्हणाले, "तात्यांच्या गाडीचं म्हणतोस का? बघते मी, तू निवांत पड." तू मान हलवलीस. न्हाय. परत नख वढलंस. मी म्हणाले, "पाणी पायजे का?" तू डोळं मिटलंस, आन् नर्सनं मला बाहेर काढलं. एवढंच. त्यावर मी घाटावर उभी राहूस्तवर विचार करत होते. काय सांगायचं होतं तुला?

दहाव्याचं जेवण आटोपलं, माणसं पांगली. तात्या पण आले होते, गाडीचं एका शब्दानं बोलले न्हाईत. मलाच राहवलं न्हाय. शेड उघडली. आत मासळीचा कुबट वास, तुझी खुर्ची, आन् झाकून ठेवलेली तात्यांची काळी गाडी. पत्र्यावर वरनं टप् टप् चाललेलं. यंदा पत्रा कुणी झाडलेला न्हाय, सगळा पांढरा होऊन बसलाय, पावसाची वाट बघत. वहिनीला सांगितलंय, पाईप लावून भिजवून धुवायचा, खत गेलं तर जाऊ दे गटारीला. तिनं मान हलवली.

बॉनेटवरचा कपडा काढला. फडकं भिजवलं, निथळत ठेवलं डागावर आन् थांबले, तू शिकवलंस तसं. मंग डावा डोळा मिटला आन् नख वढलं.

नख अडकलं, दादा.

परत वढलं. परत अडकलं. डाग आत गेलाय. चांगला खोल गेलाय, कोण आंधळं पण सांगंल. आन् तू म्हणालास, वरचा हाय. हणमंत पेंटर चुकला. शेडमधी मी मोठ्यानं बोलले, "चुकलास रं!" आन् मंग मला कळलं, तू चुकला न्हवतास, तुझी नखं चुकली होती. फुगलेल्या, गोल झालेल्या नखाला बॉनेटवरची खाच कुठनं लागायची? सगळ्यांचे डाग तपासणारी तुझी बोटंच आतून गेली होती, आन् त्यांच्या भरवशावर तू मला म्हणत होतास, वरचा हाय.

मी तुझ्या खुर्चीत बसले. खोकला आला, तो येऊन जाऊ दिला. माझ्या हाताची पाठ समोर होती. तू नख वढलंस ती जागा. आन् तवा टाळकं ठिकाणावर आलं माझं. तू गाडीचं विचारत न्हवतास. पाणी मागत न्हवतास. मान हलवून तीनदा सांगत होतास, सुमे, मी वरचा म्हणालो ते धरू नको, तपासून घे. स्वतःला तपासून घे. दवाखान्यातल्या त्या खाटेवर तूच आपलं भांडण मिटवलं होतंस, आन् मी येडी तात्यांच्या गाडीचं बोलत बसले.

म्हणून लगेच शिवला कावळा. तुझं सांगून झालं होतं. ऐकायचं माझं राहिलं होतं.

घाटावर मी जुळवून आणलेलं वाक्य पण तेच होतं. तुझा जीव पिंडाभोवती घोटाळला असता तर म्हणणार होते, जा दादा, मी फोटो काढते. तू थांबला न्हाईस, तर मी पण सुटल्यासारखी झाले होते. वाटलं, वचन दिलंच न्हाय, मंग जायला कशाला पायजे?

दारात उजेडाकडं तोंड करून मी दोन्ही बोटांची नखं पाठीला पाठ लावून धरली. बारीक फट दिसली. बारीकच हाय. गेल्या साली केवढी होती ते कुणाला ठाऊक? वर चिंचेत चोची वाजत होत्या. तात्यांना निरोप धाडलाय, बॉनेट सगळं घासून रंगवावं लागणार, नुसत्या पॉलिशनं भागायचं न्हाय. वहिनीला सांगितलंय, सकाळी डबा लवकर करा.

बारामतीला जाते, दादा. उद्या. आन् ह्या खेपेचं उद्या म्हंजे उद्याच.